जीपराव

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमधल्या १४ नंबरच्या चौकोनात गेली सहा वर्षं एक जीप होते आहे. झालेली नाही, होते आहे. तिच्या खालून दोन पाय बाहेर आलेले दिसले की समजायचं, आज बँकेला सुट्टी. ते पाय जीपरावांचे. मूळ नाव निराळं आहे, पण ते आता फक्त विजेच्या बिलावर उरलंय.

जीपराव एका सहकारी बँकेच्या कर्जखात्यात आहेत. दुसऱ्यांच्या एस्टिमेटवर लाल पेनाने रेघा मारणं हा त्यांचा पोटाचा धंदा. पोल्ट्रीच्या शेडचा पत्रा फुटामागे चार रुपयांनी चढा लावलाय, हे त्यांना कागदाच्या वासावरून कळतं. असा हा माणूस जीप घेताना म्हणाला होता, ‘‘सव्वा लाखाची गाडी, पन्नास हजारांचं काम. पावणेदोनात विषय संपला.’’ आम्ही विश्वासाने पेढे खाल्ले. पेढे तेवढे संपले.

गाडी १९९४ ची एमएम ५४०. एका सरकारी खात्यातून लिलावात निघालेली, मधली काही वर्षं वीटभट्टीवर काढलेली. प्यूजोचं २,११२ सीसीचं डिझेल इंजिन, फोर बाय फोर, आणि दारांच्या जागी मोकळी हवा. जीपरावांना हे सगळं सांगायला लिफ्ट पुरते. तळमजल्यावर ते १९४७ पासून सुरुवात करतात, की तेव्हा महिंद्रांनी मुंबईत विलीजच्या जीप जुळवायला घेतल्या. दुसऱ्या मजल्यापाशी सीजे ३ बी येते: तिचं बॉनेट उंच, कारण आत बसवलेलं नवं इंजिन उंच होतं, शोभा म्हणून नव्हे. चौथ्यावर ते स्वतः उतरतात. पण आठव्या मजल्यावर राहणाऱ्यांसाठी ते प्यूजो संपेपर्यंत लिफ्टच्या दारात पाय घालून उभे राहतात.

त्यांच्या गाडीतल्या प्रत्येक वस्तूला तीन किमती आहेत. एक वहिनींना सांगायची, एक मित्रांना सांगायची आणि एक खरी. वहिनींना कमी सांगायची ती भीतीपोटी. मित्रांना त्याहून कमी सांगायची ती अभिमानापोटी. पाच हजारांचा माल तीनमध्ये उचलला म्हणणाऱ्या माणसासमोर आपण साडेतीन म्हणालो, तर चारचौघांत वावरायचं कसं? खरी किंमत फक्त मिस्त्रीला ठाऊक असते, आणि तो ती एका जागी राहू देत नाही.

रविवारी सकाळी जीपराव जुन्या बाजारात जातात. जुना बाजार बुधवारीही भरतो, पण बुधवारी बँक आड येते. अंगात इस्त्री मोडलेला शर्ट, पायात तुटक्या चपला, कारण गिऱ्हाईक सुस्थितीतलं दिसलं की भाव चढतो. मी एकदा सोबत गेलो होतो. त्यांनी आधी शिलाई मशीनची किंमत विचारली, मग पितळी नळाची, मग एका बंद घड्याळाची. शेवटी चाकावर बसवायच्या फ्री व्हीलिंग हबला पायाच्या अंगठ्याने हलकेच स्पर्श करून ते अत्यंत निरागस आवाजात म्हणाले, ‘‘आणि हे काय आहे हो? पंपाचं काही आहे का?’’

विक्रेता बिडी विझवत म्हणाला, ‘‘तुमच्या एमएमचं हब आहे साहेब. मागच्या रविवारी पण तुम्ही पंपच म्हणाला होता.’’

मला या गृहस्थांबद्दल हळूहळू एक संशय येऊ लागला आहे. डोंगर, नद्या, चिखल हे सगळं निमित्त असावं. यांना खरी झिंग येते ती काम स्वस्तात झाल्याची. एखादी वस्तू नवी, दुकानातली, खोक्यातली मिळत असेल तर तिच्यात त्यांचा जीव रमत नाही. मागचा फाळकाच बघा. मूळचा गंजून गळून पडला, तेव्हा त्यांनी तो तयार न घेता कोपऱ्यावरच्या वेल्डरकडून चादरीचा पत्रा वाकवून बनवून घेतला. निम्म्या पैशात झाला आणि अर्धा इंच मोठा झाला. तेव्हापासून तो लावताना लाथ घालावी लागते. ही लाथ घालण्याची एक विशिष्ट जागा आहे आणि ती त्यांनी मला विश्वासात घेऊन दाखवली आहे.

गाडी उंच करणं हा तर स्वतंत्र अध्याय. स्प्रिंगच्या पाट्याच्या टोकाशी जी लोंबती कडी असते तिला शॅकल म्हणतात. पाटे बदलण्यापेक्षा लांब शॅकल घालणं फार स्वस्त. जीपरावांनी चार इंच जास्त लांबीचे शॅकल करून आणले, बसवले आणि टेप लावून मोजलं तर गाडी दोनच इंच वर. उरलेले दोन इंच कुठे गेले म्हणून ते मिस्त्रीशी भांडायला गेले.

‘‘साहेब, पाट्याला दोन टोकं असतात,’’ मिस्त्री हात पुसत म्हणाला. ‘‘तुम्ही एकच उचललंत.’’

त्यात पुढच्या चाकांचा कोन बिघडला तो वेगळाच. ताशी ४५ ला स्टीअरिंगच्या अंगात यायला लागलं. म्हणजे अक्षरशः घुमायचं. फक्त हळद-कुंकू वाहायचं बाकी. ५५ च्या पुढे पुन्हा शांत. मिस्त्रीने अमुक एवढे हजार सांगितले. जीपरावांनी त्यावर बिनखर्चाचा उपाय काढला: ४५ ते ५५ च्या मध्ये गाडी ठेवायचीच नाही. वहिनी एकदा त्या गाडीतून सारसबागेला गेल्या आणि येताना रिक्षाने आल्या.

मग टायर. मूळचे सहाशे-सोळाचे, जेमतेम अठ्ठावीस इंच उंचीचे. यांनी कुठूनसे निम्मे झिजलेले एकतीस इंची आणले. टायर मोठा झाला की एका फेऱ्यात गाडी जास्त जाते, पण बिचाऱ्या मीटरला ते कळत नाही. काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी ६६ च्या आसपास असते. किलोमीटरही कमी मोजले जातात. मायलेज सांगताना जीपराव हे दहा टक्के आठवणीने मिळवतात. वेग सांगताना त्यांना ते आठवत नाहीत.

पाण्यातून जाताना इंजिनाच्या नाकात पाणी जाऊ नये म्हणून हवेची नळी टपापर्यंत वर नेतात, ती स्नॉर्केल. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये शिरलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिनाचं बारसं-बारावं एकदम होतं. तयार स्नॉर्केलची किंमत ऐकून जीपराव प्लंबिंगच्या दुकानात गेले. तीन इंची पीव्हीसी पाइप, दोन एल्बो, चार क्लॅम्प, सांध्यांना एमसील, वरून काळा रंग. दुसऱ्या दिवशी सोसायटीचा प्लंबर बराच वेळ गाडीभोवती फिरला आणि वॉचमनला म्हणाला, ‘‘ही लाइन कुठल्या फ्लॅटची आहे?’’

एवढं सगळं चालत असताना कायदा झोपलेला नसतो. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करायचा नाही. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही हे बजावलं. कलम जीपरावांना तोंडपाठ आहे, आणि पंधरा वर्षांवरच्या गाडीला दर पाच वर्षांनी रिपासिंग लागतं हेही. त्याच्या आदल्या रात्री पार्किंगमध्ये दिवा लावून सगळा शृंगार उतरवला जातो. स्नॉर्केल निघतं, पुढचा लोखंडी बंपर निघतो, टपावरचे चार दिवे निघतात. सकाळी गाडी केशवपनानंतर दिसावी तशी, गरीब आणि निष्पाप. सहाशे-सोळाचे मूळ टायर मात्र एव्हाना कोणाकडेच उरलेले नाहीत. पुण्यातल्या यच्चयावत जीपरावांमध्ये मिळून त्यांचा एकच सेट असावा असं मला वाटतं. आहेरातल्या शर्टपीससारखा तो घरोघर फिरतो, पण शिवत कोणी नाही.

गेल्या जुलैत त्यांनी मला भोरच्या पुढे नेलं. डांबर सोडून चढावरच्या एका कच्च्या वाटेला लागलो आणि दोनशे फुटांत गाडी पोटावर बसली. फोर बाय फोर म्हणजे चारही चाकं ओढतात असा माझा समज होता. प्रत्यक्षात पुढचं डावं आणि मागचं उजवं, अशी तिरप्यातली दोन गरगरत होती आणि उरलेली दोन बघत होती.

‘‘डिफ लॉक नाही ना,’’ जीपराव म्हणाले. ‘‘ते पुढच्या बजेटला.’’

चाक सोडवायच्या धडपडीत गाडी बंद पडली. डिझेलने हवा धरली होती. इथे मात्र मी या माणसाला मनोमन नमस्कार केला. भर पावसात बॉनेट उघडून त्यांनी बोल्ट सैल केला, प्रायमर हाताने दाबत राहिले. आधी फेस आला, मग बुडबुडे, मग अखंड पिवळी धार. धार येताच बोल्ट आवळला. बोटांना डिझेल, चष्म्यावर पाणी, आणि चेहऱ्यावर घरी सत्यनारायण असल्याचा भाव. गाडी दुसऱ्या सेल्फला लागली. जागची हलली मात्र नाही.

थोड्या वेळाने एक शेतकरी ट्रॅक्टर घेऊन आला. साखळी लावता लावता म्हणाला, ‘‘आमच्या वडलांची जीप होती वडापला. वीस-बावीस माणसं बसायची, टपावर कोंबड्या. ह्याच रस्त्यानं.’’

‘‘फोर बाय फोर?’’ जीपरावांनी विचारलं.

‘‘छ्या. मागचीच दोन. आन् टायर गोटा.’’

जीपराव काही बोलले नाहीत. बोलणार तरी कसे? त्यांची नजर शेतकऱ्याच्या गोठ्यावर खिळली होती. वासराच्या कोंडाळ्याला दार म्हणून जीपचा मूळ फाळका लावला होता. दोन्ही बाजूंचे साखळीचे हुक शाबूत.

‘‘हे काय आहे हो?’’ जीपरावांनी विचारलं. ‘‘पत्राबित्रा आहे का?’’

पुढचा पाऊण तास मी वासराजवळ उभा होतो. ट्रॅक्टरचे हजार, फाळक्याचे दोन हजार. शिवाय वासराला दार काय लावायचं, हा शेतकऱ्याचा सवाल रास्त होता. शेवटी वेल्डरने बनवलेला फाळका तिथे ठेवायचं ठरलं. गाडीला कधी न बसलेला तो फाळका गोठ्याला एका धक्क्यात बसला. लाथ लागली नाही.

संध्याकाळी पार्किंगमध्ये वहिनी भाजीची पिशवी घेऊन समोरच आल्या. ‘‘हे आणखी काय नवीन? कितीला?’’

‘‘नवीन कुठलं? बदली केली,’’ जीपराव म्हणाले. ‘‘फुकट.’’

वहिनी माझ्याकडे वळल्या. ‘‘भाऊजी?’’

मी चपलेचा चिखल निरखत म्हणालो, ‘‘बदली केली हे खरं आहे.’’

लिफ्टमध्ये आम्ही दोघंच. आज १९४७ निघालं नाही, सीजे ३ बी निघाली नाही. चौथा मजला आला, दार उघडलं. जीपरावांनी सवयीने दारात पाय घातला आणि खालच्या आवाजात म्हणाले, ‘‘हिला फुकट सांगून बसलो. आता मित्रांना काय सांगू?’’