रात्री साडेदहानंतर प्रशिया

रात्री साडेदहाला आमची ताई ओटा पुसून झोपायला जाते आणि भावोजी प्रशियाला जातात. तिकीट लागत नाही. जुना लॅपटॉप, शेजारी चिवड्याचा डबा आणि 'व्हिक्टोरिया टू' हा 2010 साली निघालेला स्वीडिश गेम, एवढ्यावर भागतं. त्यात 1836 साल उजाडतं, भावोजी प्रशिया हे जर्मन राज्य चालवायला घेतात आणि खेळ 1936 पर्यंत चालतो. भावोजींनी ही शंभर वर्षं आजवर वीसेक वेळा तरी भोगली असतील.

लढाईचे गेम खेळणारी पोरं वेगळी. ती ओरडतात, खुर्चीतून उडतात. भावोजींची जात शांत. लढाई लागली की हे वैतागतात, कारण खर्च वाढतो. यांचा सगळा जीव अंदाजपत्रकात. पडद्यावर कराच्या तीन पट्ट्या असतात: गरिबांची, मध्यमवर्गाची, श्रीमंतांची. वाणी तराजूत शेवटचे चार शेंगदाणे टाकतो आणि काढतो ना, तसे भावोजी चष्मा कपाळावर सरकवून मध्यमवर्गाची पट्टी इकडेतिकडे करत बसतात.

दिवसा हे कट्टर समाजवादी. बँकेच्या कॅन्टीनमध्ये कामगारांच्या हक्कांवर यांच्यापुढे कोणाचं चालत नाही. रात्री मात्र श्रीमंतांची पट्टी अगदी खाली.

"अरे, त्यांच्या खिशात पैसा राहिला तर भांडवलदार कारखाने काढतील."

"काढतात का?"

"काढतात ना! आगबोटी आल्या तरी गाढवं शिडाच्या जहाजांचा कारखाना काढतात, आणि तो बुडतो. त्यात उदारमतवाद्यांचं सरकार असलं की मला नवा काढताही येत नाही आणि बुडणाऱ्याला अनुदानही देता येत नाही. बसा बघत!" हे ते अशा सुरात सांगतात, जणू सख्ख्या चुलतभावाने न विचारता दुकान टाकलंय.

एकदा मी मुक्कामाला होतो. मध्यरात्री पाणी प्यायला उठलो तर भावोजी हनुवटीला हात लावून बसलेले.

"काय झालं?"

"लोक सुखी आहेत रे."

मला वाटलं, झोपेत ऐकण्यात चूक झाली. पण अडचण खरी होती. त्यांना म्हाताऱ्यांना पेन्शन द्यायची होती. त्यासाठी अप्पर हाउसमध्ये निम्म्याहून जास्त मतं लागतात. समाजवादी लगेच हात वर करतात, पण ते मूठभर. बहुमत हवं तर कॉन्झर्व्हेटिव्ह मंडळी वळायला हवीत, आणि ती वळतात फक्त जनता चिडली की. तिथे त्या चिडण्याला मिलिटन्सी म्हणतात आणि ती आकड्यात मोजतात. भावोजींनी सुस्कारा सोडला आणि गरिबांची पट्टी वर नेली. म्हाताऱ्यांच्या भल्यासाठी म्हाताऱ्यांनाच पिळायचं! हिशेब जरासा चुकला, आणि पहाटे तीनला बर्लिनमध्ये जॅकोबिन बंडखोर उठले. पेन्शन राहिली बाजूला, सैन्य पाठवावं लागलं.

"जर्मनीचा चॅन्सेलर होता ना, त्या खऱ्या बिस्मार्कलाही हे कळत होतं," दुसऱ्या दिवशी चहा ओतताना ते मला म्हणाले. "1878 मध्ये त्याने समाजवाद्यांवर बंदीचा कायदा आणला, आणि मग त्यांच्याच पायाखालची जमीन काढायला 1883 ला आजारपणाचा विमा, 1884 ला अपघाताचा आणि 1889 ला पेन्शन दिली. तीही सत्तरीनंतर! तेव्हा सत्तरी गाठायचे किती?" शेवटच्या वाक्याला त्यांच्या डोळ्यांत जी चमक आली, ती मला फारशी आवडली नाही.

पुढचं त्यांच्या डोंबिवलीच्या सोसायटीत घडलं. भावोजी तिथे खजिनदार. लिफ्टच्या दुरुस्तीचा निधी चार वर्षं अडलेला, कारण तळमजला आणि पहिला मजला विरोधात. लिफ्ट बंद पडली तेव्हा भावोजींनी मेकॅनिकला फोनच केला नाही. आठवडा गेला. चौथा मजला जॅकोबिन झाला. पहिल्या मजल्यावरच्या आजोबांचं गॅस सिलिंडर कोणी वर चढवून देईना, तेव्हा तिथले कॉन्झर्व्हेटिव्हही वळले. ठराव बहुमताने मंजूर. तळमजल्याने विरोधात मत दिलं, पण प्रतिगामी सगळीकडे असतातच, असं भावोजींचं म्हणणं.

ताई हे सगळं ऐकत होती. बाथरूमचा गीझर दोन वर्षं 'पुढच्या महिन्यात' होता. तिने भांडण केलं नाही, नुसता चिवडा करायचा थांबवला. पहिल्या रात्री भावोजींनी डबा उघडून पाहिला. दुसऱ्या रात्री दुकानातला आणला, तो खवट निघाला. तिसऱ्या रात्री साडेदहाचा चहाही बंद झाला. पाचव्या रात्री प्रशिया पॉजवर ठेवून ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

गीझर शनिवारी बसला.