काडी लावणाऱ्यांसाठी शब्दनिवड

शाळेच्या व्याकरणात समानार्थी शब्दांची जी यादी असते, तिच्यात डिवचणे, चिथावणे, उचकवणे, भडकवणे हे सगळे एकाच ओळीत बसवलेले असतात. लोहा तालुक्यात या यादीवर विसंबून भांडण लावायला निघालेला माणूस स्वतःच मार खाऊन घरी येईल. या शब्दांत फरक कमी-जास्त तिखटपणाचा आहे असे मास्तर सांगतात, ते खरे नाही. फरक आहे तो लावणारा कुठे उभा आहे याचा. समोरासमोर उभा असेल तर तो डिवचतो. एकाच्या मागे उभा राहून त्याला दुसऱ्याच्या अंगावर घालत असेल तर चिथावतो. आणि रस्त्यापलीकडच्या हॉटेलात कट चहा फुंकत बसला असेल तर त्याने काडी लावली. या विद्येत त्याच्या वरची पायरी नाही. म्हणून नवशिक्याने आधी आपली जागा ठरवावी. क्रियापद मागून येते.

खालच्या पायऱ्या लवकर उरकू. खोडी काढणाऱ्याला पळता आले पाहिजे, एवढीच अट. पिन मारणे हे मित्रामित्रांत चालते, त्याला औषध लागत नाही. कान भरायला सवड लागते आणि घरातच राहावे लागते, म्हणून ते बाहेरच्याने करू नये. ‘प्रक्षोभक’ फक्त भाषण असते. बायकोचे बोलणे प्रक्षोभक होते असे म्हणून पाहावे, म्हणजे शब्द कुठे वापरू नये ते कळेल. ‘कुरापत’ वर्तमानपत्राने दोघांसाठी राखून ठेवली आहे: एक पाकिस्तान, दुसरा तो आरोपी, जो कायम ‘मागील भांडणाची कुरापत काढून’च मारहाण करतो. नव्या भांडणाची कुरापत आजवर कोणी काढल्याचे छापून आलेले नाही.

हरभऱ्याच्या झाडावर चढवणे याला मात्र थोडा वेळ द्यावा. आपल्याकडे रब्बीत हरभरा उदंड, त्यामुळे झाडाची उंची सगळ्यांना ठाऊक आहे. ते गुडघ्याच्या वर फारसे जात नाही. तरी ग्रामपंचायतीची निवडणूक लागली की धडधाकट माणसे त्यावर चढतात, आणि तिथून सगळे गाव दिसते असेही सांगतात. चढवणाऱ्याचे कौशल्य स्तुतीत नसते. ‘तुम्हीच उभं राहा’ हे कोणीही म्हणेल. जाणकार म्हणतो, ‘तुम्ही उभं राहू नका, तुमच्याच्यानं खर्च झेपायचा नाही.’ त्या रात्री माणूस रान विकायचा विचार करतो.

काडीचा नमुना म्हणून धुरा घ्यावा, बांध म्हणणाऱ्यांनी बांध. नांगरताना शेजारी दरसाल एखादा तास आत आला, तर चार-पाच वर्षांत ते डोळ्याला दिसते. अडाणी चिथावणीखोर ‘त्यानं तुझं रान दाबलं’ म्हणतो आणि साक्षीदार होऊन बसतो. पट्टीचा माणूस चहाची बशी खाली ठेवून, दुसरीकडेच बघत विचारतो, ‘आबा, औंदा धुरा हिकडं सरकल्यावानी दिसलालाय. मोजणी केलाव का?’ आबा उठले की लगेच, ‘मी आपलं निस्तं इचारलो बा.’ यात आरोप नाही, शिवी नाही, शेजाऱ्याचे नावसुद्धा नाही. उलट भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज द्यावा, हा सल्ला अगदी योग्य आहे. खरोखर शंका असेल तर तोच मार्ग. काडी खऱ्या माहितीचीच करावी लागते. खोट्याची ओली निघते.

यावर कायद्याचा आक्षेप येईल. चिथावणी हा गुन्हा आहे, अपप्रेरणाही गुन्हा आहे, मग हे हॉटेलातले महाशय सुटतात कसे? उत्तर कलमातच आहे. जुने 504 म्हणजे भारतीय न्याय संहितेतले 352 शांतताभंग व्हावा म्हणून जाणूनबुजून केलेल्या अपमानाला दोन वर्षांपर्यंत कैद सांगते. अपमान करतो डिवचणारा. काडीवाला तर चौकशी करतो. खुनाच्या कलमातला ‘गंभीर व आकस्मिक प्रक्षोभ’ हा अपवाद बघावा, तर तिथे मुळात चिथावणारा म्हणजे मेलेला माणूसच धरला आहे. शिवाय त्याला मुदत आहे. नानावटी खटल्यात बायकोची कबुली ऐकणे आणि तिच्या प्रियकरावर गोळी झाडणे यांत सुमारे तीन तास गेले होते, तेवढ्यात डोके थंड व्हायला हवे होते, असे 1961 साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. धुऱ्याची काडी तीन पिढ्या धुमसते. तिच्यासाठी कलम लिहायला बसणाऱ्याला खरोखर अवघड जाईल.

दुसरा आक्षेप सज्जनांचा: असली विद्या शिकवावीच कशाला? तर तिच्यावाचून चालत नाही म्हणून. याच तालुक्यात माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. तिथल्या जनावरांच्या बाजारात मालक अडून बसतो, गिऱ्हाईक पाठ फिरवते, तेव्हा दलाल गिऱ्हाइकाला ऐकू जाईल असे म्हणतो, ‘राहू द्या, हे जनावर त्यांच्या दावणीला शोभायचं नाही.’ गिऱ्हाईक वळते आणि रुमालाखाली पुन्हा बोटे धरली जातात. तमाशाच्या फडावर सवाल-जवाब रंगतो तो डिवचण्यावरच. कलगीवाल्याने टोचले नसते तर तुरेवाल्याला उत्तर रचायची गरज काय होती? संस्कृत रसशास्त्राने चंद्र आणि वारा यांना उद्दीपन विभावात घातले. स्वतः काही न करता दुसऱ्याच्या मनातले पेटवणारे ते. या व्याख्येत हॉटेलातले आमचे गृहस्थ चपखल बसतात, फक्त चंद्राची उधारी नसते. त्यांच्यावर राग धरवत नाही, हेही कबूल केले पाहिजे. ते दोन दिवस गावाला गेले की हॉटेलात पावसापाण्याशिवाय विषय निघत नाही.

शेवटचा धडा मिटवामिटवीचा. भांडण पेटले की सोडवायला सगळ्यांत आधी काडीवाल्यानेच धावावे, कारण मुद्दे त्यालाच पाठ असतात. 15 ऑगस्ट 2007 पासून राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली आणि अशा अनुभवी माणसांना समितीत रीतसर जागा मिळाली. अध्यक्षपद मात्र स्वतः घेऊ नये. ते दोघांना, वेगवेगळे गाठून, कबूल करावे.