पाहुण्यांना पाच युरो

इटलीतल्या व्हेनिसनं २५ एप्रिल २०२४ पासून एक नामी उद्योग सुरू केला. गर्दीच्या दिवशी सकाळी येऊन संध्याकाळी परतणाऱ्या पाहुण्याकडून पाच युरो वसूल करायचे. रात्री मुक्काम केला तर माफ, कारण मुक्कामी माणूस हॉटेलात कर भरतोच. २०२५ मध्ये त्यात सुधारणा झाली : आयत्या वेळी ठरवून उगवणाऱ्याला दहा युरो. ही बातमी वाचल्यापासून डोक्यात एकच किडा वळवळतोय. हे यवतमाळात का नको?

हसू नका. इतिहासाच्या बाबतीत आम्ही कुठं कमी आहोत? ‘आइन-ए-अकबरी’त आमची नोंद ‘योत-लोहारा’ अशी आहे. इंग्रजांच्या काळात हा जिल्हा आधी वणीच्या नावानं चालायचा, १९०५ मध्ये यवतमाळचा झाला. वणीकरांनी ते अजून मनाला लावून घेतलंय, पण तो वेगळा लेख. साहित्य संमेलनं दोन झाली. १९७३ ला गदिमा अध्यक्ष होते, २०१९ ला अरुणा ढेरे. दुसऱ्या संमेलनात तर काटकसरीचा नवा मार्ग सापडला. उद्घाटनाला नयनतारा सहगल यांना बोलावलं आणि मग येऊ नका म्हणून कळवलं. पाहुण्याचा प्रवासखर्च वाचवण्याची इतकी खात्रीची युक्ती व्हेनिसला अजून सुचलेली नाही.

आता साध्या पाहुण्याचं बघू. पुण्याचे एक स्नेही विचारत होते, ‘यवतमाळ करायचं तर खर्च किती येईल?’ त्यांना प्रामाणिकपणे सांगितलं, की खर्च यवतमाळात येत नाही, यवतमाळला येण्यात येतो. विमानतळ आहे. २००९ मध्ये तो खासगी कंपनीकडे भाडेपट्ट्यानं गेला. धावपट्टी आहे, नियमित प्रवासी विमान तेवढं नाही. म्हणजे नागपूरला उतरा आणि दीडशे किलोमीटर रस्त्यानं या. समृद्धी महामार्गानं येतो म्हणाल, तर ७०१ किलोमीटरचा तो रस्ता दहा जिल्ह्यांतून जातो आणि त्या दहांत यवतमाळ नाही. वर्धा आणि अमरावती दोघींना भेटून समृद्धी आमच्या कुंपणाबाहेरूनच निघून गेली. मोटारीला किलोमीटरमागे २ रुपये ६ पैसे टोल आहे. त्यातले ते सहा पैसे कोणत्या अर्थतज्ज्ञानं घाम गाळून काढले असतील, याचा विचार करता करता धामणगाव येतं.

रेल्वेचं म्हणाल तर आमची लाडकी शकुंतला होती. यवतमाळ ते मूर्तिजापूर, नॅरोगेज. मालकी किलिक निक्सनच्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीची, चालवायची भारतीय रेल्वेनं. वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत ओढत होतं, मग डिझेल आलं, मग तीही थांबली. तिचं भाडं इतकं कमी होतं, की काही प्रवाशांना ते देणंच गाडीचा अपमान वाटे. आता वर्धा-यवतमाळ-नांदेड ही २८४ किलोमीटरची मोठी लाइन होतेय. मंजुरी २००८-०९ ची. २८ फेब्रुवारी २०२४ ला पंतप्रधानांनी वर्धा ते कळंब हा टप्पा सुरू केला, सुमारे चाळीस किलोमीटर. शाळेतलं त्रैराशिक मांडलं तर उरलेल्या मार्गाला नव्वद-एक वर्षं लागतात. त्रैराशिक खोटं ठरो. पण स्नेह्यांना म्हटलं, तिकीट आत्ताच काढू नका.

उरली एसटी. महामंडळानं २५ जानेवारी २०२५ पासून भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढवलं. पंधरा टक्के म्हटलं असतं तर जनता पेटून उठली असती. पाच शतांश टक्का सोडून देण्यात केवढं मोठं मन लागतं! शिवाय सवलती आहेतच. पंचाहत्तरीपुढचे आजोबा फुकट. पासष्टीपुढचे काका अर्ध्यात. मार्च २०२३ पासून समस्त महिलावर्ग अर्ध्यात. पाच ते बारा वर्षांचं पोर अर्ध्यात. थोडक्यात, एसटीत पूर्ण तिकीट काढणारा प्राणी म्हणजे बारा ते पासष्ट वयाचा सडा पुरुष. ही जमात इतकी दुर्मीळ होत चाललीय, की टिपेश्वर अभयारण्यात तिच्यासाठी एक कप्पा राखून ठेवायला हरकत नाही. परवा कंडक्टरनं मला ‘एक फुल’ म्हणून तिकीट दिलं, तर अख्ख्या बसनं मान वळवून पाहिलं.

खासगी ट्रॅव्हल्सचं वेगळं आहे. २०१८ पासून शासनाचा नियम आहे, की त्यांनी एसटीच्या दीडपटीहून जास्त भाडं घेऊ नये. दिवाळीत पुण्याहून गावी यायचं असलं, की हा नियम पाठ म्हणून पाहा. फार धीर येतो. भाडं तेवढंच राहतं.

एकदा पोचलात, की मात्र यवतमाळ स्वस्त. बसस्थानकाबाहेर दहा रुपयांत चहा मिळतो, पोह्यावर तर्री मागितली तर मिळते आणि दुसऱ्यांदा मागितली तरी मिळते. बुढीचा चिवडा बांधून घ्या. कळंबला चिंतामणीचं दर्शन फुकट. देव जमिनीच्या पातळीखाली बसलाय, पायऱ्या उतरून जायचं. वर येताना दम लागतो, त्याचे पैसे लागत नाहीत. टिपेश्वरचे वाघ बघायचे तर सुन्ना गेटला जिप्सी, गाईड, प्रवेशशुल्क, सगळं आधीच ऑनलाइन. या जिल्ह्यात जंगलात विनापरवाना शिरण्याचा मोठा कार्यक्रम १९३० च्या जुलैत झाला होता. लोकनायक बापूजी अणे पुसदच्या जंगलात गवत कापायला गेले. तिकिटाऐवजी तुरुंगवास झाला. हल्लीच्या बुकिंगपेक्षा पद्धत सोपी होती, एवढंच म्हणतो.

वाघावरून आठवलं, आमच्याकडे खर्चिक पाहुणे येऊन गेलेत. तेरा माणसं गेल्याचा ठपका असलेली टी-१ वाघीण राळेगावच्या भागात फिरत होती, तेव्हा २०१८ मध्ये तिच्यासाठी हैदराबादचा नेमबाज आला, हत्ती आले, पॅराग्लायडर आला, इटालियन जातीची कुत्री आली आणि वाघिणीला भुलवायला विलायती अत्तर आलं. इटलीशी आमचा एवढाच काय तो संबंध. दोन वर्षं जीव मुठीत धरून कापूस वेचायला जाणाऱ्या बायांना त्या अत्तराची किंमत सांगितली असती, तर त्यांनी वाघिणीला सोडून वनखात्याकडेच बघितलं असतं.

पण माझं शुल्क साध्या पाहुण्यासाठी नाहीच. पुण्याच्या स्नेह्यांनी निर्धास्त यावं. व्हेनिसची मूळ व्याख्या बघा : सकाळी येतो, गर्दी करतो, फोटो काढतो, संध्याकाळी जातो. या वर्णनात यवतमाळकराला कोण दिसतं? पर्यटक तर नक्कीच नाही.

शेतकरी आत्महत्यांपायी वीस वर्षं आम्ही देशातलं पहिल्या क्रमांकाचं दौरास्थळ आहोत. जुलै २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर करून गेले. २००८ मध्ये राहुल गांधी मारेगाव तालुक्यातल्या जळक्याला कलावतीबाई या शेतकरी विधवेच्या घरी बसले, आणि कलावतीबाईंचा उल्लेख लोकसभेत अणुकरारावरच्या चर्चेत झाला. जळक्यापासून अणुभट्टीपर्यंतचा तो प्रवास कोणत्याही टोलनाक्याविना पार पडला. २० मार्च २०१४ ला नरेंद्र मोदी आर्णी तालुक्यातल्या दाभडीत ‘चाय पे चर्चा’ करायला आले. त्या चहाची चव गावात अजून चर्चेला आहे. बिल कुणी मागितलं नाही, आमच्याकडे पाहुण्याकडे बिल मागत नाहीत. मधल्या काळात किती मंत्री, किती समित्या, किती अभ्यास दौरे आणि किती केंद्रीय पथकं आली, याची मोजदाद कोतवालानंही सोडून दिलीय. पथकाचं एक बरं असतं. नुकसान दिवसा झालेलं असतं आणि पाहणी दिवेलागणीला असते. गाडीच्या उजेडात बोंडअळी अगदी स्पष्ट दिसते म्हणे.

आणि यातला मुक्कामी कोण? रात्री थांबला तर माफ, हे कलम मी तसंच ठेवणार आहे. कापूस पिकवणाऱ्याच्या घरी एक रात्र, पंखा असेल तर पंख्याखाली. शासनाचा महसूल बुडण्याची भीती नाही.

आता कुणी म्हणेल, पाहुणे रिकाम्या हातानं थोडेच येतात. खरं आहे. २८ फेब्रुवारी २०२४ च्या दौऱ्यात पीएम किसानचा सोळावा हप्ता यवतमाळातूनच सुटला, सोबत नमो शेतकरीचेही हप्ते. वर्षाचे सहा आणि सहा, बारा हजार. दिवसाचे झाले जवळजवळ तेहेतीस रुपये. म्हणजे घरातल्या तिघांनी बसस्थानकावर एकेक चहा घ्यावा आणि उरलेल्या तीन रुपयांत शेती करावी.

सगळ्यांत मोठी गंमत मात्र एका परदेशी पाहुण्याची आहे. तो दरवर्षी जहाजानं येतो. त्याच्यासाठी आपल्या देशात खरोखरीचं प्रवेशशुल्क होतं, अकरा टक्के. १९ ऑगस्ट २०२५ ला, म्हणजे आमच्या रानात पऱ्हाटी पात्यावर आलेली असताना, ते माफ झालं. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग पाहुण्याची सोय पाहून ३१ डिसेंबरपर्यंत. ओळखलंत ना? कापूस. व्हेनिस भरल्या हंगामात पाहुण्यांकडून शुल्क घेतं. आपण ते नेमकं भरल्या हंगामात सोडलं. त्याच मोसमात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये ठरला होता. हमीभावाचं आणि ट्रॅव्हल्सच्या दीडपटीच्या नियमाचं एक साम्य आहे. दोन्ही पाठ असले की धीर येतो. मग खरेदी केंद्रावर ‘ओलावा जास्त आहे’ हे ऐकायला मिळतं, आणि केंद्राच्या फाटकाबाहेर पडल्यावर तोच ओला कापूस व्यापाऱ्याला हमीभावाच्या खाली चालतो.

तर योजना अशी. दिवसाच्या पाहुण्याला पाच युरो, आयत्या वेळी हेलिकॉप्टरनं आल्यास दहा. आश्वासन दिल्यास अधिभार. तेच आश्वासन दुसऱ्यांदा दिल्यास दुप्पट, म्हणजे तिजोरी एका निवडणुकीतच भरेल. शेतकऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढायचा असेल, तर जंगलात मोठ्या भिंगाच्या कॅमेऱ्याला असतात तसे निराळे पैसे.

हा मसुदा बसस्थानकाबाहेरच्या टपरीवर वाचून दाखवला. सगळे हसले, टपरीवाला सोडून.

‘वसुलीचं कंत्राट कोणाले देता?’ त्यानं विचारलं.

म्हटलं, निविदा काढू.

‘मंग त्यायच्याच माणसाले भेटन. अन् भाऊ, साहेबाच्या मागं शंभर जण येते, चहा पेते अन् जाते. पैसे कोण देते? हे पाहा वही, मागच्या दौऱ्याची उधारी अजून हाये. तुमचे ते पाच युरोबी मलेच लिव्हा लागन.’