अहवाल प्रलंबित असताना

कोरोनाच्या काळात सरकारी कचेऱ्यांतून जी परिपत्रके, शुद्धिपत्रके आणि शुद्धिपत्रकांची स्पष्टीकरणे निघाली, त्यांचे एकत्र बाड बांधावयाचे ठरविले तर रद्दीवाल्यासही दुसरी खेप करावी लागेल. परंतु या सबंध वाङ्मयात, नाकातोंडातील नमुना देऊन आलेल्या व अहवाल हाती न पडलेल्या इसमाने मधला काळ कोठे कंठावा, याविषयी जे मार्गदर्शन आढळते ते इतके उदात्त आहे की, त्याच्या कर्त्याने पुण्याची सदाशिव पेठ दुरूनही पाहिली नसावी, असा आमचा वहीम आहे. हवेशीर, स्वतंत्र आणि शक्यतो संलग्न स्वच्छतागृह असलेल्या खोलीत राहावे, असे ते मार्गदर्शन.

आता लातूर-नांदेडकडून स्पर्धापरीक्षेसाठी आलेल्या आणि चार खाटांच्या खोलीतील एक खाट ‘कॉट बेसिस’वर घेतलेल्या विद्यार्थ्याने ही खोली आणावी कोठून? तथापि हुकूम तो हुकूम. त्याने खरेदीखतात लिहितात तशी आपल्या खाटेची चतुःसीमा मुक्रर करावी: पूर्वेस ओल आलेली भिंत, पश्चिमेस सोबत्याची खाट, दक्षिणेस टॉवेल वाळत घातलेली दोरी, उत्तरेस भूगोलाच्या नोट्सचा ढीग, आणि येणेप्रमाणे चतुःसीमापूर्वक मिळकतीस स्वतंत्र खोलीचा दर्जा बहाल करून तीत आडवे व्हावे. संलग्न स्वच्छतागृहाचे कलम मात्र, मजल्यावरील इतर बिऱ्हाडकरूंच्या सोयीनुसार, तहकूब ठेवावे.

घरमालकांस खबर द्यावी काय? कर्तव्य म्हणून द्यावीच. पण बहुधा तशी गरज पडत नाही. ज्या घरमालकांस न्हाणीघरातील नळ गळत असल्याची तक्रार महिनोन् महिने ऐकू येत नाही, त्यांनाच दोन मजले वरची शिंक तत्काळ ऐकू येते, आणि ‘तुम्ही आम्हांला मुलासारखे’ एवढी प्रस्तावना झाल्यावर खोली खाली करण्याची मुदत सांगितली जाते. मेसचा डबा हाती न देता दाराच्या कडीला अडकवून मुलगा जिना उतरू लागला, की बातमी गल्लीच्या टोकापर्यंत पोहोचली असे खुशाल समजावे.

मोबाईलवरील ‘नमुना प्राप्त’ ही अक्षरे दर दहा मिनिटांनी उघडून पाहण्यात काडीचा अर्थ नाही. आरटी-पीसीआरच्या यंत्रात विषाणूच्या जनुकीय अंशाच्या, तो नमुन्यात असलाच तर, आवर्तनागणिक दुपटीने प्रती होत जातात आणि चाळीसएक आवर्तनांचे हे काम काही तासांत उरकते. उरलेला वेळ नमुन्यांची रांग, नोंदवही आणि पोर्टल यांच्या खाती जमा होतो. मार्च २०२० मध्ये खासगी प्रयोगशाळांतील या चाचणीची कमाल मर्यादा ४,५०० रुपये होती, ती वर्षभरात महाराष्ट्रात ५०० रुपयांवर आली. ज्या जिन्नसाचा भाव एका वर्षात नवव्या हिश्श्यावर उतरला असा दुसरा जिन्नस निदान आमच्या पाहण्यात नाही. अहवालाची मुदत मात्र त्याच गतीने उतरल्याचे ऐकिवात आले नाही.

मग या फुरसतीत अभ्यास करावा काय? लोकसेवा आयोगाची राज्यसेवा पूर्वपरीक्षा ५ एप्रिल २०२० रोजी व्हावयाची होती. ती तहकूब झाली, पुन्हा झाली, आणि असे करीत १४ मार्च २०२१ वर येऊन ठेपली; तेव्हा ११ मार्चला, म्हणजे प्रवेशपत्रे खिशात असताना, ती पुनश्च तहकूब केल्याचे जाहीर झाले आणि पोरे शास्त्री रस्त्यावर ठाण मांडून बसली. अखेर २१ मार्चला ती पार पडली. ज्याने एका पूर्वपरीक्षेची अशी वर्षभर वाट पाहिली, त्यास दोन दिवसांच्या प्रतीक्षेत मन कसे शांत ठेवावे याचे धडे समुपदेशकांनी देणे, हे पंढरीच्या वारकऱ्यास चालण्याचे फायदे समजावून सांगण्यापैकीच होय.

आणि निकाल लागला म्हणजे सुटका झाली, या भ्रमात तर त्याने मुळीच राहू नये. २०१९ च्या राज्यसेवेचा अंतिम निकाल जून २०२० मध्ये लागला. ४१३ उमेदवार निवडले गेले. पेढे वाटून झाले. आणि वर्ष उलटले तरी त्यांची नेमणूकपत्रे निघाली नव्हती. आरक्षणाचा वाद न्यायप्रविष्ट होता, हे खरे. पण ज्यांचा अहवाल आला त्यांनाच वर्षाहून अधिक काळ विलगीकरणात ठेवण्याची ही पद्धत साथरोगशास्त्राच्या कोणत्या ग्रंथात सांगितली आहे, हे सचिवालयातील जाणकारांनी एकदा प्रसिद्ध करावे.

बाकी पथ्य थोडेच आहे. मास्क लावावा, खिडकी सताड उघडी ठेवावी, ताप मोजावा, धाप लागू लागल्यास अहवालाची वाट न पाहता दवाखाना गाठावा. एक गोष्ट मात्र, घरमालकांनी कितीही मुदत घातली आणि मेस बंद पडली तरी, करू नये: बॅग उचलून स्वारगेट किंवा वाकडेवाडीहून गावची एसटी पकडू नये. गावाकडचे घर मोठे असले तरी त्यात आजी-आजोबा आहेत, आणि तालुक्याच्या रुग्णालयात ऑक्सिजनच्या खाटा मोजक्याच असतात.