सीटची पत्रिका

आमच्या घरातला शिसवी पाळणा आजेसासूबाईंच्या माहेरून आलेला. त्यात किती बाळं निजली याचा हिशेब कुणी ठेवला नाही. दर बारशाला तो माळ्यावरून उतरे, त्याच्यावरून खोबरेल तेलाचा हात फिरे आणि तो पुन्हा नवा होई. बाळांच्या बाबतीत जुनं ते जास्तच सोनं, अशी आमची श्रद्धा. दुपटी शिवायची ती धुऊन धुऊन सायीसारख्या मऊ झालेल्या नऊवारीची, आणि पहिलं झबलं घालायचं ते दुसऱ्या गुटगुटीत बाळाचं. झबल्याबरोबर थोडं बाळसंही यावं म्हणून.

त्यामुळे ह्यांनी नातवासाठी पुण्याच्या जुन्या बाजारातून मोटारीतली सीट आणली, तेव्हा मला काहीच वावगं वाटलं नाही. पितळी समया, बंद पडलेली घड्याळं आणि जोडीदार हरवलेले बूट यांच्यामध्ये ती रुसलेल्या पाहुणीसारखी बसली होती म्हणे. आठशेची पाचशेला मिळाली, म्हणून अटकेपार झेंडा लावल्याचं तेज ह्यांच्या चेहऱ्यावर होतं. लेकीने मात्र सीट उपडी केली, तिची पाठ न्याहाळली आणि विचारलं, ‘‘बाबा, हिची जन्मतारीख कुठाय?’’

सीटलाही पत्रिका असते, हे मला त्या संध्याकाळी कळलं. तिच्या कवचावर बनवल्याची तारीख असते आणि तिथून पुढे साधारण सहा ते दहा वर्षांचं आयुष्य कंपनीने नेमून दिलेलं असतं. वर्षानुवर्षं उन्हात तापून प्लास्टिक ठिसूळ होतं म्हणून. वर्तुळातलं ‘ई’ अक्षर मिरवणारं युरोपीय मानकाचं लेबल म्हणजे तिचं गोत्र. आणि खरी मेख पुढेच: मोठ्या अपघातातून गेलेली सीट पुन्हा वापरायची नसते, कारण कापडाखाली केसाएवढा तडा असला तरी वरून ती हसतमुखच दिसते. आमच्या वेळी स्थळं अशीच यायची. ‘मुलगा निर्व्यसनी’ एवढंच सांगत. बाकीचं पहिल्या दिवाळसणानंतर उलगडे. आमच्या पाहुणीच्या पाठीवरचं लेबल तर कुणीतरी नखाने खरवडून काढलेलं होतं.

‘‘तुला मी सूतिकागृहातून रिक्षाने आणलं, मांडीवर,’’ मी लेकीला म्हटलं. ‘‘आई, ते तुझं नशीब,’’ ती म्हणाली. मग तिने हिशेब मांडला: ताशी पन्नासच्या वेगाने जाणारी गाडी आदळली, की दहा किलोचं बाळ आईच्या हातांना शेकडो किलोंचं होतं. मी माझ्या हातांकडे पाहिलं. आजवर त्यांच्याविषयी माझा फार मोठा समज होता. कायद्याचाही तो राहिलेला नाही; २०१९ च्या दुरुस्तीपासून चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याविना किंवा अशा सीटविना नेलं, तर हजार रुपये दंड आहे. तान्ह्याने पाठमोरंच का बसायचं, तेही तिने सांगितलं. स्वीडनच्या बर्टिल आल्डमन यांना ही कल्पना सुचली ती जेमिनी यानातल्या अंतराळवीरांच्या आसनांवरून, आणि १९६४ मध्ये त्यांनी तशी सीट करून पाहिली. म्हणजे आमचं नातवंड मंडईपर्यंतसुद्धा अंतराळवीराच्या थाटात जाणार! गाडी पुढे आणि नजर मागे सुटलेल्या रस्त्यावर. साठीनंतर मीही बहुधा तशीच बसते.

लेकीने कात्रीने त्या सीटचे पट्टे कापले, भंगारातून ती दुसऱ्या कुणा बाळाच्या वाट्याला जाऊ नये म्हणून. ह्यांचे पाचशे रुपये कच्‌कच्‌ आवाज करत गेले. आठवड्याने लेकीच्या नणंदेची सीट आली. तीन वर्षांची, कानाकोपऱ्यात बिस्किटांचा भुगा मुरलेली. तिच्यावरचा वरणाचा डाग कुठल्या प्रवासातला, हेसुद्धा नणंदेला पाठ होतं. लेबल जागेवर, पुस्तिका पिशवीत. ‘‘गाडी कधी ठोकली होती का?’’ लेकीने स्पष्ट विचारलं. ‘‘एकदाही नाही गं,’’ नणंद म्हणाली, आणि विषय संपला.

तेव्हा जुनी सीट जरूर घ्यावी. पण जिला हा प्रश्न तोंडावर विचारता येतो आणि जिचं ‘नाही’ डोळे मिटून मानता येतं, तिच्याकडूनच. असं माणूस नसेल, तर सरळ नवी घ्यावी. पाळणा मात्र कुणाचाही चालेल.