बंबवाले आबा

नवी मुंबईतल्या तळवलीत थंडी पडते ती डिसेंबरअखेरीला, आठ-दहा दिवस, आणि तीही सूर्य वर येईपर्यंतच. तेवढ्यासाठी आमचे घरमालक आबा जूनपासून आंघोळीच्या बंबासाठी सरपण गोळा करतात.

पहिला पाऊस झाला की घणसोली स्टेशनबाहेर भाजक्या कणसांच्या गाड्या लागतात. लोक मका खातात आणि उरलेला दांडा गाडीखालच्या टोपलीत भिरकावतात. रात्री नऊच्या सुमारास आबा गोणपाटाची पिशवी घेऊन टोपल्या रिकाम्या करायला निघतात. एका नव्या गाडीवाल्यानं म्हाताऱ्याची दया येऊन त्यांच्या हातावर एक गरम कणीस ठेवलं. चार मजली इमारतीच्या मालकानं ते घेतलं, तिथंच उभ्यानं खाल्लं आणि दांडा पिशवीत टाकला.

हे दांडे चार महिने आमच्या जिन्यात असतात. ऑक्टोबरचं ऊन पडलं की गच्चीवर जातात. वाळले की आबा एकेक हातात घेऊन राहिलेले दाणे नखानं खरवडतात, कबुतरांना टाकतात, मगच दांडा पोत्यात जातो. सुनेनं एकदा सगळी पोती घंटागाडीत घातली होती. तेव्हा आबा दोन दिवस जेवले नाहीत. आंघोळही केली नाही, आणि दुसऱ्या गोष्टीनं घर लवकर वठणीवर आलं.

बंब तांब्याचा, त्यांच्या आईच्या काळचा. शनिवारी चिंच लावून घासतात. घरात दोन गीझर आहेत, गच्चीवर सोलर आहे. मुलगा बँकेत आहे. आबा सोलरच्या पाण्याला ‘आजारी पानी’ म्हणतात. तापलेलं असतं म्हणे, पण त्याला वास नसतो. पहाटे साडेचारला नळीत खाली चिपाड, त्यावर दांडे, वर नारळाची करवंटी असा थर लागतो. मग काडी ओढायच्या आधी आबा बोट ओलं करून वारा बघतात. बंबाला वारा कशाला बघायचा, असं मी एकदा विचारलं.

“नाशिकवाले,” ते म्हणाले, “राब कधी भाजलाव?”

मी येवल्याकडचा. आमच्याकडे राब नाही. मग त्यांनी गच्चीच्या फरशीवर बोटानं वाफा आखून दाखवला. शेण, त्यावर तोडलेला टहाळ, त्यावर पातेरा, गवत, वर मातीचा हात; आणि पेटवायचं वाऱ्याच्या उलट बाजूनं, म्हणजे आग धावत नाही, चालते. जमीन भाजून निघाली की तण मरतं, आणि पावसात तिथं भाताचं रोप तरारून येतं. हे सांगताना बंब विझला. दोष अर्थात माझ्याकडे आला.

तो वाफा आता कुठं आहे हे आबा बरोबर दाखवतात: ठाणे-बेलापूर रस्त्याच्या अलीकडे, एका सोसायटीच्या जलतरण तलावात. 1970 साली सिडको आली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या 95 गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घ्यायचं ठरलं. भातखाचरं गेली, मिठागरं गेली. जानेवारी 1984 मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जासईला आंदोलन झालं, गोळीबारात पाच जण गेले, आणि पुढं गेलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्क्यांचे भूखंड मिळाले. त्या साडेबाराच्या गणितातून आबांची इमारत उभी राहिली. तिचं भाडं ते दर महिन्याला मोजून घेतात, आणि घेताना ‘अवंदा पीक बरा हाय’ म्हणतात.

शेजारच्या टॉवरचे सेक्रेटरी धुराची तक्रार घेऊन आले, तेव्हा मी तिथंच होतो. आबांनी त्यांना चहा पाजला. “आमचा धूर नाय, खाडीचा धुका हाय,” म्हणाले. सेक्रेटरींनी डोळे पुसत धुक्याला जळक्या मक्याचा वास कसा, असं विचारलं. आबांनी त्यांना आंघोळीला बोलावलं.

गेल्या वर्षी माझा धाकटा भाऊ आला. चार एकर मका. पेरल्यापासून लष्करी अळीशी झुंज, काढणीला पाऊस, आणि दाण्यात ओल जास्त म्हणून व्यापाऱ्यानं बोली लावली क्विंटलला पंधराशे. सरकारी हमीभाव तेव्हा चोवीसशे होता. रात्री जेवताना त्यानं कागदावर हिशोब मांडला. चौदा किलो दोनशे ग्रॅमच्या गॅस सिलिंडरइतकी ऊब साधारण चाळीस-बेचाळीस किलो मक्यात असते. पंधराशेच्या भावानं ती सव्वासहाशेला पडते, सिलिंडर तेव्हा साडेआठशेच्या पुढं. म्हणजे हमीभाव मिळाला तर गॅस स्वस्त, नाही मिळाला तर मका! अमेरिकेत 1930 च्या दशकातल्या मंदीत शेतकऱ्यांनी असाच मका चुलीत घातला होता, कोळशाहून स्वस्त म्हणून. आणि आता आपल्याकडे त्याचं इथेनॉल करून गाड्यांत जाळतात, हेही मी माहितीदाखल जोडलं. माझ्या माहितीनं कुणाचं भलं झाल्याचं आठवत नाही.

आबा दारात उभे राहून ऐकत होते. मला वाटलं, फुकट्या सरपणाचा हा महापुरुष आता दोन क्विंटलची ऑर्डर देणार.

“दाना जालतात?” ते म्हणाले. एवढंच. भाऊ मान खाली घालून भात कालवत राहिला.

पहाटे साडेतीनला गच्चीवर खुडबुड झाली. भावासाठी बंब तासभर आधी पेटला होता. दोघं धुरात उकिडवे बसले होते, आणि भाऊ सांगत होता की मळणी झाल्यावर आमच्या खळ्यावर या दांड्यांचे, म्हणजे बिट्ट्यांचे, ढीग पडून असतात, उचलायला कुणी नसतं. आबांनी फुंकणी खाली ठेवली.

“ढीग म्हंजे कवरा?”

भावानं हात छातीपर्यंत नेला, मग जरा विचार करून डोक्यापर्यंत.

महिन्याभरानं ट्रॅव्हल्सच्या डिकीतून दोन पोती आली. पार्सलचं भाडं सहाशे, हमाल पन्नास, स्टॉपपासून रिक्षा ऐंशी. आबांनी पैसे दिले, पोत्याचं तोंड सोडलं, एक बिट्टी काढून कानाजवळ वाजवून बघितली. सुनेला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले, “बघ. फुकट आयली.”