कोपरानं वाजवायचा पियानो

"काल संध्याकाळी तुझ्याकडे पियानोवर कोण धपाधप आपटत होतं गं? मला वाटलं कुणी पडलं की काय!"

"कुणी पडलं नाही काकू, आमची कन्या वाजवत होती. कोपरानं. ते तसंच वाजवायचं असतं. हंगेरियन संगीतकार ज्यॉर्ज कुर्ताग, त्यांची 'याटेकोक' नावाची मालिका आहे. खेळ म्हणा. १९७३ला लिहायला घेतली. तळहात, मूठ, कोपर, सगळं चालतं. पोरांनी आधी पियानोशी मस्ती करावी, बोटांची शिस्त नंतर."

"म्हणजे मास्तर अगदी सैल दिसतात."

"छे हो! मोठ्या शिष्यांचा एकेका स्वरासाठी घाम काढायचे. बुडापेस्टच्या लिस्ट अकादमीत १९६७ पासून शिकवलं. पियानोवादक आंद्राश शिफ त्यांच्याच हाताखालून गेला. पियानो शिकवला, चेंबर म्युझिक शिकवलं. रचना कशी करायची ते मात्र शिकवायला तयार नसत."

"मूळचे बुडापेस्टचेच?"

"नाही, रुमानियातल्या लुगोजचे. जन्म १९२६चा. संगीतकार बार्टोककडे शिकायचं म्हणून बुडापेस्ट गाठलं, तर बार्टोक १९४५ मध्ये तिकडे न्यूयॉर्कलाच वारले. पण बुडापेस्टला लिगेती भेटला, तोही संगीतकार, तो जन्माचा दोस्त झाला."

"ते राहू दे. लग्नाचं काय?"

"तुम्ही तिथं येणार हे ठाऊकच होतं मला! बायको मार्ता, तीही पियानो वाजवणारी. १९४७ला लग्न, आणि २०१९ मध्ये ती गेली तोवर दोघं बरोबर. यांनी काही लिहिलं की पहिली दाद किंवा पहिली फुली तिचीच. जाहीर मैफलीतही साधा उभा पियानो ठेवायचे, लोकांकडे पाठ करून दोघं एकाच पियानोपुढे बसायचे. आवाज दाबणारं पेडल लावलेलं, त्यामुळे सगळं हलक्या आवाजात. याचे हात तिच्या हातांवरून, तिचे याच्या. थोडे 'खेळ', मध्येच बाख. ऐकणाऱ्याला वाटावं, आपण यांच्या घरात चोरून डोकावतोय."

"आपल्याकडे नवराबायको असे हातात हात घालून चारचौघांत बसले असते तर बोभाटा झाला असता."

"तसं यांचंही सगळं गोड नव्हतं हं. १९५७ला पॅरिसला गेले. संगीतकार मेसियाँकडे शिकले, पण मनानं पार खचलेले, काही सुचेचना. मारियान स्टाइन म्हणून मानसशास्त्रज्ञ बाई होत्या, त्यांनी सांगितलं, आधी नुसते दोन स्वर एकमेकांना जोडा. तिथून गाडी हलली. परत आल्यावर १९५९ मध्ये स्ट्रिंग क्वार्टेट लिहिलं आणि त्याला नंबर दिला ओपस एक. वय तेहतीस! आधीही बरंच लिहिलं होतं, पण मोजणी इथून. आणि अर्पण केलं स्टाइनबाईंना."

"मग पुढे धो धो लिहिलं असेल."

"कसलं! थेंबाथेंबानं. 'काफ्का फ्रॅगमेंट्स' घ्या, एक गायिका आणि एक व्हायोलिन, बस. चाळीस तुकडे, त्यातले काही मिनिटभरही टिकत नाहीत. पॅरिसला १९५७ मध्ये बेकेटचं 'एंडगेम' नाटक पाहिलं होतं, त्यावरचा ऑपेरा रंगमंचावर आला २०१८ला, मिलानच्या ला स्कालात. तेव्हा हे ब्याण्णव वर्षांचे."

"एकसष्ट वर्षं! आपल्या सोसायटीचं कन्व्हेयन्स होईल तेवढ्यात."

"कदाचित! लोक म्हणतात, पहिला ऑपेरा एवढ्या उशिरा का. मला विचाराल तर त्यांना एकही फालतू स्वर खपत नसे. इल्दिको मोन्योक नावाची नटी होती, अपघातात तिची वाचा गेली. बोलायला पुन्हा पहिल्यापासून शिकली. तिच्यासाठी यांनी बेकेटच्याच शब्दांवर रचना केली, अडखळत म्हणायची. दुसऱ्या कुणी त्या बाईला स्टेजवर उभं केलं असतं तर लोकांना नुसती कीव आली असती. इथं तिचं अडखळणंच संगीत होऊन बसलं."

"हं. आणि मार्ता गेली ती ऑपेरानंतर?"

"पुढच्याच वर्षी. त्याआधी काही वर्षं फ्रान्समध्ये, बोर्दोजवळ राहिले. मग २०१५च्या सुमारास परत बुडापेस्टला आले, तिथल्या म्युझिक सेंटरच्या इमारतीतच बिऱ्हाड केलं."

"पण नाव एकट्याचंच छापतात ना?"

"ओपसवर एकट्याचं. त्या दोघांच्या रेकॉर्डवर मात्र दोघांचं आहे."

"मग ती रेकॉर्ड पाठव मला. आमच्या ह्यांनाही शेजारी बसवते. वाजवता येत नाही, ऐकायला तरी बसतील."